यावच्चंद्रदिवाकरौ, द.सा.द.शे.

कल्याण-डोंबिवलीतल्या बऱ्याच जुन्या देवळांच्या कचेरीत देणगीच्या नेहमीच्या पावतीपुस्तकाखाली आणखी एक पुस्तक असतं. कुठे त्याला ‘कायम ठेव’ म्हणतात, कुठे ‘शाश्वत पूजा’. रक्कम एकदाच भरायची. मुद्दलाला संस्थानाने हात लावायचा नाही. येणाऱ्या व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीला अभिषेक, नैवेद्य नाहीतर अन्नदान करायचं आणि संकल्पात ठेवीदाराचं नाव-गोत्र घ्यायचं. तिथी बहुतेकदा आईवडिलांच्या श्राद्धाची असते. काही धोरणी मंडळी स्वतःच्या वाढदिवसाची तिथी देतात. बँकेतला कारकून ठेव घेताना आधी मुदत विचारतो. इथला कारकून तिथी विचारतो, मुदत विचारत नाही.

ही पावती फाडणाऱ्याला आपण मरणार हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो व्यवस्था लावायला आलेला असतो. आणि तरीही दरवर्षी कोणीतरी, आपल्याला कधी न पाहिलेला गुरुजी का होईना, आपलं नाव मोठ्याने उच्चारत राहील, अशी तजवीज तो करतो. आपल्याकडे सदेह अमरत्वाचं फारसं आकर्षण कधी नव्हतंच. चिरंजीव सात आहेत, पण त्यांतला लोकांना खरा आठवतो तो अश्वत्थामा, कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागणारा. त्याच्यासारखं जगावं असं कोणालाही वाटत नाही. देह गेला तर जाऊ दे, आपल्या नावाने लावलेला दिवा मात्र विझू नये, एवढीच मागणी असते. ही मागणी ठेवीच्या रूपात मांडण्याची रीत ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात निदान अठराशे वर्षं जुनी आहे.

येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर दात्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे रहिवासी पुन्हा पुन्हा भेटतात. कल्याण तेव्हा बंदर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवहीत त्याचं नाव आहे, सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानेही ते नोंदवलं आहे. व्यापारात पैसा मिळवलेला कल्याणकर कान्हेरीला येऊन भिक्षूंसाठी एखादं लेणं खोदवून देई, कोणी पाण्याची पोढी देई, कोणी शेत. पुण्य आईवडिलांना आणि सर्व जीवांना लाभावं असं लिहवून घेई. याच भिंतींवर ‘अखयनीवी’ भेटते. नीवी म्हणजे मुद्दल. ते खर्च करायचं नाही, त्याच्या व्याजातून भिक्षूंना चीवर द्यायचं.

या व्यवहाराचा सगळ्यात तपशीलवार कागद, म्हणजे दगड, नाशिकला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात तो कोरवून घेतला. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे. पहिल्या ठेवीला दरमहा शेकडा एक, दुसरीला शेकडा पाऊण असं व्याज. लेख स्पष्ट म्हणतो की हे पैसे परत द्यायचे नाहीत, व्याज तेवढं भोगायचं. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, तेही त्यात आहे. आता गुणाकार करून बघा. दोन हजारांचं महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. हिशेब कवडीपर्यंत जुळतो. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरात नोंदवलं, असंही पुढे कोरलं आहे. शेकडा एक दरमहा म्हणजे द.सा.द.शे. बारा. १९९०च्या दशकात आपल्या बँका मुदत ठेवीला साधारण हाच दर देत होत्या.

मला यात गंमत वाटते ती घेणाऱ्यांची. सर्व संस्कार अनित्य आहेत, जे उपजतं ते नासतं, हे सांगणं हाच ज्यांचा धर्म, त्या भिक्षूंचं अंगावरचं वस्त्र ‘अक्षय’ ठेवीच्या व्याजातून येत होतं. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. सगळं नाशवंत आहे हे शिकवणारी संस्था टिकायची तर तिला नाशवंत नसलेलं उत्पन्न लागतं, एवढा व्यवहार बुद्धाच्या शिष्यांना कळत होता. दात्यालाही कळत होता. स्वतःचं मरण मान्य केल्यावर टिकाऊ म्हणून विश्वास ठेवायला त्याला काय उरलं होतं? विणकरांची श्रेणी. कापड तर लोक नेसतच राहणार.

श्रेणी गेल्या. नेमक्या कधी गेल्या याची नोंद कोणी कोरून ठेवली नाही. बंद पडण्याचा शिलालेख कोण लिहवून घेणार? पण रीत गेली नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात उत्तर कोकणात शिलाहारांचा अंमल होता आणि कान्हेरीत पुन्हा तसेच लेख दिसू लागतात. शके ७६५, ७७५, ७९९. आता नाणं द्रम्म आहे. एका लेखातला दाता गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक आहे. त्याने शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. एवढ्या दुरून येऊन इथल्या जंगलातल्या भिंतीवर कायमचं नाव लावण्याची त्याची हौस वाचताना आजही जाणवते. आणखी काही शतकांनी कान्हेरीत भिक्षूच राहिले नाहीत. वस्त्र नेसणारेच नाहीत तर व्याज कोणाला द्यायचं?

शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना तांब्याचे पत्रे सापडले. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला हा किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. पत्रे जनरल कार्नॅक याच्यामार्फत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, रामलोचन पंडितांनी ते लावले आणि १७८८ मध्ये निघालेल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्यांचा इंग्रजी तर्जुमा छापला गेला. भारतीय पुराभिलेखांच्या अभ्यासाच्या आरंभीच ठाण्याचं नाव आहे, याचा ठाणेकरांना फारसा पत्ता नसतो.

ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७चा. ग्रहणाच्या पर्वावर ब्राह्मणाला दिलेल्या गावांचं हे दानपत्र आहे. पण गावांच्या सीमा सांगण्याआधी राजा जे बोलतो ते वाचण्यासारखं आहे. लक्ष्मी चंचल आहे, तारुण्य क्षणात सरतं, आणि जीव हा काळाच्या दाढांमध्ये ठेवलेला आहे, अशा आशयाची वाक्यं त्यात येतात. हा त्या काळच्या दानपत्रांचा ठरलेला मजकूर आहे, राजाला ऐन दरबारात वैराग्य आलं असं समजायचं कारण नाही. तरीही त्याची मांडणी पाहा. आधी जीवन अशाश्वत असल्याचं निवेदन, मग त्या कारणास्तव दान, आणि मग ते दान चंद्रसूर्य असेतो चालावं अशी आज्ञा. राजा हे जग सोडणार हे पहिल्या कलमात मान्य करून त्याच कागदावर सूर्याच्या आयुष्याएवढी मुदत मागतो.

पत्र्यांच्या शेवटी येणारे श्लोकही ठरलेलेच असतात. पुढे होणाऱ्या राजांनो, आमच्या वंशातले असा की परक्या, हा धर्माचा पूल मोडू नका, अशी विनवणी. आणि भूमी देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात राहतो, हिरावणारा तितकीच वर्षं नरकात. इथे हिशेबात पाणी मुरतं. दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालवायचं आणि त्याचं फळ साठ हजार वर्षांचंच. पुण्य सरलं की परत मर्त्यलोकात यायचं, हे गीताही सांगते. आपल्या परंपरेत स्वर्गसुद्धा मुदत ठेवच आहे. शाश्वत आहे तो मोक्ष, आणि त्याला दानपत्र लागत नाही.

विनवणीचा भरवसा वाटेनासा झाला तेव्हा शिवी आली. तिचं नाव गधेगाळ. ठाणे, भिवंडी, वसई, साष्टी या भागात असे दगड सापडले आहेत. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून ती शिवी आहे. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात काढलेली. भिवंडीजवळच्या चौधरपाड्याचा, शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला शके ११६१चा शिलालेख या वर्गातला. अलिबागजवळच्या आक्षीचा त्याहून जुना मानला जातो. मराठीच्या सर्वांत आधीच्या लेखांत तो मोजला जातो, त्याच्या काळाबद्दल मात्र विद्वानांत एकमत नाही. या दगडांकडे मी कौतुकाने पाहू शकत नाही. मोडणार राजा, आणि विटंबना व्हायची त्याच्या आईची. पण या दगडातून दात्याची भीती कशाची होती ते स्वच्छ कळतं. भीती मरणाची नव्हती. भीती होती ती पुढच्या माणसाची, जो आपल्याला ओळखणार नाही आणि ज्याला स्वतःच्या शेतात आपलं नाव नको असेल. अमरत्वाचा सगळा प्रश्न इथे मरणाऱ्याकडून वारसाकडे सरकतो.

आज हे दगड काय करतात? काही संग्रहालयात गेले. काहींना गावाने शेंदूर फासून देव केलं आहे. आपण शिवी पूजतो आहोत हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

वीरगळांची गोष्ट वेगळी. बोरिवलीजवळ एक्सरला, जे एकेकाळी ठाणे जिल्ह्यातच होतं, नौकायुद्धाचे प्रसिद्ध वीरगळ आहेत. खाली लढाई, मधे अप्सरा, वर कैलास. त्यात ठेव नाही, व्याज नाही. मेलेल्याने तिथे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, मागे राहिलेल्यांनी उभारलेला तो दगड. म्हणून त्याची वंशावळ निराळी, ती आज स्टेशनबाहेरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फ्लेक्सपर्यंत येते. फ्लेक्सवर कैलासाऐवजी नगरसेवकांचे फोटो असतात, एवढं सोडलं तर मांडणी फारशी बदललेली नाही.

कल्याणच्या दक्षिणेला मलंगगड आहे. वरच्या स्थानाला कोणी हाजी मलंगचा दर्गा म्हणतात, कोणी मच्छिंद्रनाथांची समाधी. तो वाद आज जिवंत आहे आणि तो इथे सोडवायचा माझा इरादा नाही. मला त्यातला जुना एक प्रसंग हवा आहे. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तो आहे. पेशव्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस वर चादर गेली ती कल्याणच्या काशीनाथपंत केतकरांबरोबर. त्यांनी डागडुजी केली, व्यवस्था पाहिली. पुढे १८१७च्या सुमारास व्यवस्थेवर हक्क कोणाचा यावरून तक्रार ठाण्याच्या कलेक्टरकडे गेली. साहेबाने ठरवलं की खुद्द बाबांचीच इच्छा विचारावी. चिठ्ठ्या टाकल्या. तीनदा टाकल्या, आणि तिन्ही वेळा काशीनाथपंतांच्या प्रतिनिधीचं नाव निघालं. शतकानुशतकांपूर्वी देह ठेवलेल्या माणसाला ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलदाराने दाव्यातला पक्षकार म्हणून विचारलं आणि त्याचं उत्तर नोंदवलं. मेल्यावरही आपल्या मिळकतीबद्दल मत विचारलं जाणं, याहून मोठं अमरत्व अरिकेसरीलाही मिळालं नाही.

कंपनीच्या राज्यात पुढे सगळ्यांचंच इतकं ऐकून घेतलं गेलं नाही. १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं. चंद्रसूर्य असेतो दिलेल्या जमिनींचे धनी पेटाऱ्यातून सनदा काढून रांगेत उभे राहिले. कोणाची सनद वाळवीने खाल्ली होती, कोणाकडे ती कधी नव्हतीच. सूर्यचंद्र अजून जागेवर आहेत हा पुरावा साहेबाला पुरत नव्हता. १८६३च्या कायद्यांनी तडजोड निघाली, नजराणा आणि ठरावीक जुडी भरा, मग इनाम चालू. शाश्वताला सारा लागला.

पण मरणोत्तर इच्छेबद्दलचं इंग्रजी कायद्याचं खरं म्हणणं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या मागोव्यात ते सर्वांत शहाणपणाचं वाक्य आहे. चौदावं कलम सांगतं की माणसाला आपली मिळकत मेल्यानंतर हवी तितकी वर्षं बांधून ठेवता येणार नाही. हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यापुढच्या वारसाचं अज्ञानपण, एवढीच मुदत. त्यानंतर मेलेल्याने हात सोडायचा. म्हणजे वाड्याची वाटणी कशी व्हावी हे पणजोबाने खापरपणतवंडांसाठी ठरवून ठेवलं तर ते चालणार नाही. याला अपवाद अठराव्या कलमात. धर्म, विद्या, व्यापार, आरोग्य, सुरक्षितता अशा लोकांच्या हितासाठी दिलं असेल तर मुदतीचं बंधन नाही. स्वतःच्या रक्तासाठी कायमचं काही ठेवता येत नाही, परक्यांसाठी ठेवता येतं.

त्या परवानगीचा या भागातल्या मध्यमवर्गाने भरभरून उपयोग केला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशा जुन्या संस्थांचे आणि शाळांचे वार्षिक अहवाल उघडा, मागच्या पानांवर स्मरणार्थ ठेवींची यादी असते. अमुक विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीस कै. तमुक पारितोषिक. निबंधस्पर्धा, व्याख्यानमालेचं एक पुष्प, ग्रंथखरेदी. गोवर्धनच्या विणकरांची जागा सहकारी बँकेने घेतली, निगमसभेची जागा धर्मादाय आयुक्तांनी. बाकी व्यवहार तोच.

आणि तो आतून पोखरला जातो तोही तसाच. समजा १९९५ साली कोणी देवळात एक हजार एक रुपये कायम ठेवले. बारा टक्क्यांनी वर्षाला एकशेवीस रुपये येत, त्यात अभिषेक, नारळ, पेढे सगळं होई. आज सहा-सात टक्क्यांनी साठ-सत्तर येतात. तेवढ्यात फार तर नारळ येईल. शाळांची गत याहून विनोदी. एकावन्न रुपयांचं पारितोषिक देण्यासाठी छापलेलं प्रमाणपत्र, फुलं आणि चहा यांचा खर्च पारितोषिकापेक्षा जास्त होतो. मुद्दल अक्षय राहिलं, रुपया राहिला नाही. उषवदाताने कार्षापणाचं मोल पडेल हे गृहीत धरलं नव्हतं, आपल्या आजोबांनीही नाही. तिरुपती देवस्थानाने धडा घेतला. तिथल्या उदयास्तमान सेवेला आता पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. खुद्द व्यंकटेशाच्या दारात शाश्वताला मुदत लागली, तिथे डोंबिवलीच्या विश्वस्तांना काय बोलायचं?

१९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात यावर इलाज आहे. दात्याने सांगितलेला हेतू पार पाडणं अशक्य झालं किंवा उत्पन्न पुरेनासं झालं, तर न्यायालयाच्या परवानगीने ते पैसे मूळ हेतूच्या जवळात जवळच्या कामाला वळवता येतात. घोड्यांच्या पाणपोईसाठी ठेवलेले पैसे माणसांच्या पाण्याला लावता येतील, अशा जातीची ही सोय. छोट्या संस्था एवढ्या लांब जात नाहीत. विश्वस्त आपसांत ठरवतात आणि दहा ठेवींचे मिळून एकच अभिषेक करतात, गुरुजी एका दमात दहा गोत्रं म्हणतात. दाते तक्रार करायला येत नाहीत.

अमेरिकेत याच व्यवहाराचं थंडगार रूप आहे. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक कर्करोगाने वारले आणि त्यांचा देह गोठवून ठेवला गेला, पुढे विज्ञान त्यांना उठवील या आशेवर. तो अजून आहे, ॲरिझोनातल्या ‘अल्कोर’ या संस्थेत, द्रव नायट्रोजनमध्ये. संपूर्ण देह ठेवायचा तर दोन लाख डॉलरच्या घरात खर्च येतो. त्यातला मोठा भाग एका विश्वस्त निधीत गुंतवतात आणि त्याच्या उत्पन्नातून नायट्रोजन भरत राहतात. अखयनीवीच ती, चीवराऐवजी नायट्रोजन. ज्यांनी अशी ठेव ठेवली नाही त्यांचं काय होतं हेही तिथे दिसलं आहे. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थला एका दफनभूमीतल्या तळघरात असे गोठवलेले देह होते. नातेवाईक पैसे देईनासे झाले, निधी आटला, आणि १९७९ मध्ये ते वितळून सडल्याचं उघड झालं. देह टिकवायचा हट्ट धरला की गधेगाळाची भीती दुप्पट होते. जमीन हिरावली तरी जमीन राहते.

कल्याणमध्ये ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली एक मुलगी या हिशेबात कुठेच बसत नाही. यमुना जोशी, लग्नानंतर आनंदीबाई. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, क्षयाने पुण्यात वारल्या. रुग्ण तपासायला त्यांना वेळच मिळाला नाही. ठेव ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. रक्षा त्यांचे पती गोपाळराव यांनी न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिसिया कार्पेंटर यांना पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. कल्याणच्या मुलीला दगड मिळाला तो परक्या घराच्या ओळीत.

त्यांचं नाव आणखी एका ठिकाणी आहे. शुक्राच्या पृष्ठभागावरच्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं देण्याची खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची रीत आहे. त्यांत चौतीसेक किलोमीटर व्यासाचं एक विवर ‘जोशी’ नावाचं आहे. शुक्रावर पाणी नाही, पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही, झीज अगदी मंद. तिथल्या पृष्ठभागाचं सरासरी वय कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात मोजतात. शिलाहारांनी मागितलेली मुदत न मागणाऱ्या मुलीच्या नावे लागली, आणि तेही अशा ठिकाणी जिथे ते वाचायला कोणी नाही.

डोंबिवलीत मात्र गेल्या काही दशकांत या वंशावळीत एक उफराटी फांदी फुटली आहे. ती म्हणजे देहदान. दधीचि देहदान मंडळ हे इथलं नाव बऱ्याच घरांत माहीत असतं. दधीचि ऋषींनी वृत्राला मारण्यासाठी आपल्या अस्थी देवांना दिल्या, त्यांचं वज्र झालं. अमर असलेल्या देवांना मर्त्य माणसाच्या हाडांवाचून भागेना, ही त्या कथेतली मला आवडणारी खोच. आपल्या कायद्यात १९४९च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना द्यायची सोय झाली. म्हणजे किती तरी काळ डॉक्टरांना शरीर शिकवलं ते फुटपाथवर मेलेल्या, ज्यांची संमती कोणी विचारली नाही अशा माणसांनी. त्या टेबलावर स्वतः होऊन, अर्ज भरून जाणारा निवृत्त कारकून किंवा शिक्षक ही नवी गोष्ट आहे. २०१०च्या जानेवारीत ज्योती बसू यांचा देह कोलकात्यात आणि फेब्रुवारीत मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांचा देह दिल्लीच्या ‘एम्स’ला दिला गेला. एक आयुष्यभर कम्युनिस्ट, दुसरे आयुष्यभर संघाचे. दोघांनी एकच निर्णय घेतला होता, तो सहा आठवड्यांच्या अंतराने अमलात आला.

यात ठेव आहे, पण मुद्दलच खर्चायचं आहे. विच्छेदनगृहात देहाला नाव नसतं, क्रमांक असतो. प्रथम वर्षाच्या मुलांचं शिकून झालं की अवशेषांवर महाविद्यालयच अंत्यसंस्कार करतं. अलीकडे मुलं पहिल्या दिवशी देहाला वंदन करून शपथ घेतात, पण देह कोणाचा ते त्यांना ठाऊक नसतं. नाव राहावं म्हणून दोन हजार वर्षं केलेला सगळा खटाटोप दाता इथे स्वतःच्या सहीने सोडतो. धार्मिक अडचण सांगणाऱ्यांना धर्मशास्त्राचीच सोय आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची वा दर्भाची प्रतिमा करून तिचा विधी करतात, दहावं-तेरावं त्यावर होतं. डोळे आधी देता येतात, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही विशिष्ट संसर्ग असतील तर देह घेत नाहीत. ठाण्याच्या पालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला आहे, त्यामुळे मुंबईपर्यंत जावंच लागतं असं नाही.

अडतं ते पुन्हा वारसापाशीच. अर्जावर दात्याची सही असली तरी तो गेल्यावर देह द्यायचा की नाही हे घरचे ठरवतात. म्हणून अर्जात जवळच्या नातेवाइकाचीही सही घेतात. आयत्या वेळी थोरला काका म्हणतो, आपल्यात नाही असं करत. सून रडत असते, कोणाला बोलवत नाही. अर्ज कपाटात कुठेतरी बँकेच्या पासबुकाखाली असतो. तो सापडेपर्यंत कोणीतरी बांबू आणायला गेलेलं असतं. डोंबिवलीत तर मुलगा न्यू जर्सीत असणं ही निम्म्या इमारतींची स्थिती. त्याला फोन लागून तो हो म्हणेपर्यंत, आणि तो आईला शेवटचं पाहायला यायचं म्हणाला तर, सगळी वेळेची गणितं चुकतात. ज्यांनी हे मनापासून ठरवलं आहे त्यांनी मुलाला आधी बोलून घ्यावं, अर्जाची एक प्रत शेजारच्या घरी द्यावी, आणि महाविद्यालयाचा नंबर फ्रीजच्या दारावर, दूधवाल्याच्या नंबरशेजारी लावावा. पहाटे चार वाजता फोन करणार तो शेजारीच.